धरणाचे शून्य आणि शेतकऱ्याचे शून्य

होळी जवळ आली की इंदापूर तालुक्यातील डाळज, पळसदेव, भिगवण या पट्ट्यात दोन माणसे भेटली तरी पहिला प्रश्न एकच असतो : उजनी किती टक्क्यांवर आली? उत्तर वर्तमानपत्रात असते, आता ते हातातील मोबाईलवरही येते. आणि त्या एका आकड्यावर खोडवा ठेवावयाचा की मोडावयाचा, मोटार पुढे न्यावयाची की थांबावयाचे, सोसायटीचे कर्ज वाढवावयाचे की नाही, असे निर्णय घेतले जातात. आकडा खोटा नसतो. परंतु तो कशाचा आकडा आहे हे विचारल्यावाचून घेतलेला निर्णय पुष्कळदा खोटा ठरतो.

उजनी धरणाचा एकूण साठा ११७.२३ टीएमसी धरला जातो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. या साठ्यापैकी ६३.६६ टीएमसी हा मृत साठा व ५३.५७ टीएमसी हा उपयुक्त साठा होय. वर्तमानपत्रात येणारी टक्केवारी एकूण साठ्याची नसून केवळ या उपयुक्त साठ्याची असते. म्हणजे ‘उजनी शून्य टक्के’ अशी बातमी येते त्या दिवशी धरण कोरडे नसते, त्यात ६३.६६ टीएमसी, म्हणजे एकूण साठ्याच्या निम्म्याहून अधिक पाणी असते. ‘उणे ५० टक्के’ याचा अर्थ मृत साठ्यातून उपयुक्त साठ्याच्या निम्म्याइतके, म्हणजे सुमारे २६.८ टीएमसी, पाणी कमी झाले व सुमारे ३६.९ टीएमसी शिल्लक राहिले. उणे टक्के ऐकून हसणारे पुष्कळ भेटतात. रुपयात उणे म्हणजे कर्ज हे ज्याला समजते त्याला पाण्यातील उणे समजण्यास अडचण पडू नये. ओलांडलेली रेषा कोणती, एवढेच त्याला सांगावे लागते.

ही शून्याची रेषा कोणी व कोणासाठी आखली, हा खरा प्रश्न आहे. भीमा नदीवरील या धरणाचे काम १९६६ साली सुरू होऊन १९८० साली पुरे झाले. त्याच्या कालव्यांच्या सिंचनाचे नियोजन एका ठरावीक पातळीच्या वरील पाण्यावर केले जाते. ती पातळी समुद्रसपाटीपासून ४९१.०३ मीटर. धरण शंभर टक्के भरते तेव्हा पातळी ४९६.८३ मीटर असते. कालव्याच्या दृष्टीने ४९१.०३ च्या खालील पाणी मृत होय. सोलापूर शहराच्या दृष्टीने ते मृत नव्हे, कारण पिण्यासाठी नदीत पाणी सोडण्याचे काम त्याखालीही चालते. फुगवट्यातील माशांच्या व मच्छीमारांच्या दृष्टीने तर ते अगदी जिवंत. आणि डाळजच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने? त्याचे शून्य धरणाच्या भिंतीपाशी ठरतच नाही. त्याच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह ज्या दिवशी उघडा पडतो, त्या दिवशी त्याचे शून्य. मग धरण अधिक वीस टक्के असो की उणे वीस.

डाळज नंबर १, २ व ३ ही गावे भिगवण व पळसदेव यांच्या टापूत, पुणे–सोलापूर महामार्गाच्या आसपास आहेत. येथील बागायत फुगवट्याच्या पाण्यावर उभी आहे. शून्य व शंभर टक्के यांच्या पातळीत फरक अवघा ५.८ मीटर, म्हणजे सुमारे १९ फूट, आहे. एकोणीस फूट म्हणजे साध्या विहिरीच्या निम्म्याइतकीही खोली नव्हे. परंतु काठची जमीन सपाट असल्याने पाणी खाली उतरते त्यापेक्षा कितीतरी अधिक मागे सरते. जमिनीस दर शंभर फुटांमागे एक फूट उतार आहे असे समजले, तर पातळी पाच फुटांनी उतरली की पाणी पाचशे फूट लांब जाते. मग पाईप जोडा, केबल वाढवा, चर खोदा, गाळात मोटार बसवा, आणि पंधरवड्याने पुन्हा तेच करा. ज्याची जमीन उताराची आहे त्याला हाच पाच फुटांचा फरक जाणवतही नाही. एकाच गावातील दोन शेजाऱ्यांना एकच टक्केवारी निराळी का लागू पडते, त्याचे उत्तर या उतारात आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे, व ती फारशी घेतली जात नाही. एक टक्का पाणी म्हणजे ०.५४ टीएमसी, किंवा दीड कोटी घनमीटर. धरण भरलेले असते तेव्हा पाण्याचा पसारा मोठा असतो. तो ३०० चौरस किलोमीटर धरला, तर एक टक्का पाणी गेल्याने पातळी सुमारे ५ सेंटिमीटर उतरते. उन्हाळ्यात पसारा आक्रसून समजा १५० चौरस किलोमीटरवर आला, तर तोच एक टक्का पातळी १० सेंटिमीटरने उतरवितो. म्हणून ‘मार्गशीर्षात महिन्याला दहा टक्के गेले, वैशाखातही दहाच जातील, तेव्हा मोटार तेवढीच पुढे न्यावी लागेल’ हा हिशेब चुकतो. टक्के तेवढेच गेले तरी पाणी दुप्पट उतरते. ताट व वाटी यांतून सारखीच पळी आमटी काढली तर वाटीत ती अधिक खाली जाते, हे घरातील कोणीही सांगेल.

याची आठवण २०२४ च्या उन्हाळ्याने ठेवून दिली आहे. २०२३ च्या पावसाळ्यात उजनी सुमारे ६० टक्क्यांपर्यंतच भरली. २०२४ च्या जानेवारीतच ती शून्याखाली गेली, व जूनच्या आरंभी जवळजवळ उणे ६० टक्क्यांस पोहोचली. पळसदेवचे बुडालेले पळसनाथाचे प्राचीन मंदिर उघडे पडले व ते पाहण्यास दूरदूरची माणसे आली. मंदिराचे शिखर दिसू लागले की आपल्या मोटारीचे काय होते, हे काठच्या जुन्या शेतकऱ्याला कोणत्याही बातमीपेक्षा नेमके ठाऊक असते. त्याच्या मनातील हे मोजमाप टक्क्यांपेक्षा अधिक शास्त्रशुद्ध आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. कारण ते पातळीचे मोजमाप आहे. उणीव एवढीच की ते कोणी लिहून ठेवीत नाही. आणि पुढे त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये धरण शंभर टक्क्यांपलीकडे गेल्यावर मागील सर्व विसरले गेले.

पावसाळ्यातील बातमीलाही हाच नियम लागू आहे. ‘दौंड येथून २५ हजार क्युसेकने पाणी येत आहे’ असे वाचले की कोणी आनंदतो, कोणी घाबरतो. क्युसेक हा वेग आहे, साठा नव्हे. ११,५७४ क्युसेकचा प्रवाह अखंड चोवीस तास चालला तर एक टीएमसी पाणी येते. २५ हजार क्युसेक एक दिवस–रात्र आले तर सुमारे २.१६ टीएमसी, म्हणजे उजनीच्या हिशेबाने चार टक्के. प्रवाह सहा तासांत ओसरला तर एकच टक्का. म्हणून किती क्युसेक एवढे विचारून भागत नाही. किती वेळ, हेही विचारावे.

आता खोडव्याचा प्रश्न. दरवर्षी फाल्गुनात तो घरोघरी निघतो, आणि बहुतेक घरी तो एकाच वाक्याने मिटविला जातो : ‘एवढा खर्च केला आहे, आता सोडावयाचा कसा?’ या वाक्यात माणसाची हळहळ आहे, हिशेब मात्र नाही. झालेला खर्च खोडवा ठेवला तरी परत येत नाही, मोडला तरी परत येत नाही. दोन्ही बाजूंस जो सारखाच आहे तो तराजूतून काढून टाकला पाहिजे. आजपासून पुढे किती घालावे लागेल व त्यामुळे किती अधिक मिळेल, एवढेच तोलावयाचे असते.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, ज्याने त्याने आपले घालावेत. फुगवट्याच्या काठी दोन एकर खोडवा आहे. पावसाळ्यापर्यंत पाणी मिळाले तर एकरी ३५ टन, म्हणजे ७० टन ऊस. टनास हाती ३,००० रुपये पडले तर २,१०,००० रुपये. पाणी तुटले व केवळ पावसाने पीक सावरले तर एकरी १५ टन, म्हणजे ९०,००० रुपये. पाणी पोहोचविण्यास पाईप, केबल व चर यांचा या हंगामापुरता बोजा ६०,००० व मजुरी, खत वगैरे २०,०००, मिळून ८०,००० रुपये नव्याने घालावे लागतात. परंतु एवढे करूनही दहा वर्षांतून तीन वर्षी पाणी पाईपाच्याही पलीकडे जाते, असे गावाच्या आठवणीवरून धरू.

पाणी टिकले तर हाती १,३०,००० उरतात. तुटले तर अवघे १०,०००. दहा वर्षांची सरासरी काढली तर वर्षाला ९४,००० पडते. काहीच न घालता बसलेल्यास ९०,००० मिळतात. म्हणजे एवढी धावपळ, रात्रीची जागरणे व उसनवारी करून सरासरीने पदरी अधिक पडतात ते ४,००० रुपये. आणि तीन वर्षी तर हातात दहा हजारच. ज्याच्या घरी दुभती जनावरे आहेत किंवा नोकरीचा पगार येतो त्याला असे एक वर्ष सोसता येईल. ज्याच्यावर पीककर्ज आहे व घरी लग्न ठरले आहे, त्याने सरासरीवर विसंबू नये. नदीची सरासरी खोली काढून सर्व कुटुंबास पाण्यात उतरविणाऱ्या हिशेबनिसाची गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. त्याची सरासरी बरोबरच होती.

परंतु हाच हिशेब दोन शेजाऱ्यांनी मिळून मांडला तर चित्र पालटते. पाईप, केबल व चर यांचे ६०,००० निम्मे झाले. प्रत्येकास ३०,००० व वरखर्चाचे २०,०००, मिळून ५०,००० पडले. पाणी टिकले तर १,६०,०००, तुटले तर ४०,०००, आणि सरासरी १,२४,०००. जो सौदा एकट्यास जवळजवळ बरोबरीचा होता तो दोघांस स्पष्ट फायद्याचा झाला, आणि वाईट वर्षाची धारही बोथट झाली. यासाठी ना नवे बियाणे लागले ना नवे खत. लागला तो बांधावरील अबोला सोडण्याचा खर्च, व तो काही गावांत ६०,००० पेक्षा जड आहे, हेही मान्य केले पाहिजे. पाण्याच्या पाळीवरून भांडण होईल ही भीती खरी आहे. म्हणून पाळ्या व दुरुस्तीचा वाटा पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात; भाऊबंद असले तर अवश्यच कराव्यात.

येथे विजेचा प्रश्न निघतो. २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत विजेची योजना लागू झाली. शेतकऱ्याचा भार त्याने हलका झाला. परंतु त्याबरोबर असेही झाले की मोटार चार तास चालविली काय अन् आठ तास चालविली काय, जास्तीच्या चार तासांची किंमत शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे येत नाही. बिल शून्य म्हणजे खर्च शून्य नव्हे. खत धुपून जाते, जमीन चोपण होऊ लागते, आणि काठचे पाणी जेवढे लवकर संपेल तेवढा पाईप लवकर वाढवावा लागतो. हा शेवटचा खर्च मोटार चालविणाऱ्यापेक्षा त्याच्या मागच्या शेजाऱ्यास अधिक लागतो, ही त्यातील अवघड गोष्ट.

मग ऊसच नको, असे शहरातील सभांतून सांगितले जाते, व गावातून त्यास तितकेच ठाम उत्तर जाते. या वादात दोन्ही बाजू बहुधा निरनिराळ्या वस्तूंनी भागाकार करीत असतात. पाटाने भिजविलेल्या उसास वर्षाला २ मीटर पाणी धरले तर एकरी सुमारे ८,००० घनमीटर होते. खर्च वजा जाता एकरी ५०,००० रुपये उरले असे समजू. मग हजार लिटर पाण्यामागे सव्वासहा रुपये पडले. हरभऱ्यास ३० सेंटिमीटर, म्हणजे एकरी सुमारे १,२०० घनमीटर पाणी धरले व २४,००० रुपये उरले, तर हजार लिटरमागे २० रुपये पडले. पाण्याने भागले तर हरभरा तिपटीने वरचढ. केवळ जमिनीने भागले तर ऊस दुपटीने वरचढ दिसतो; त्यातही हरभरा चार महिन्यांत रान मोकळे करतो व ऊस वर्षभर अडवितो, हे ध्यानात घ्यावे लागते. शिवाय उसास कारखाना हे ठरलेले गिऱ्हाईक आहे व कायद्याने ठरलेला किमान दर आहे. हरभऱ्याचा हमीभाव जाहीर होतो. पण सुगीच्या दिवसांत बाजारात तो मिळेलच अशी खात्री शेतकऱ्यास नसते. ज्याच्याकडे तीन एकर जमीन आहे व पाण्याचे पैसे लिटरवर द्यावे लागत नाहीत, तो जमिनीने व खात्रीने भागाकार करतो. त्याला अडाणी म्हणणे चूक आहे. त्याच्यापुढे जी वस्तू दुर्मिळ आहे तिचाच तो हिशेब करतो. पाणी दुर्मिळ आहे हे त्याला टक्केवारी सांगत नाही, मोटार उघडी पडल्यावरच समजते.

हा प्रश्न या भागास नवा नाही. शेजारच्या बारामतीकडील नीरा डाव्या कालव्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्या यांनी ब्लॉक पद्धत आणली. ठरावीक क्षेत्रास काही वर्षे पाण्याची हमी, आणि त्या क्षेत्राच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यातच एका वेळी ऊस, बाकीच्यात कमी पाण्याची पिके, असा तिचा गाभा होता. पाणी हाच मूळ हिशेब व एकर हा त्याचा परिणाम, असा विचार त्यामागे होता. १९४८ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या लाभाचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही सरकारी तिजोरीत जमा होणाऱ्या पाणीपट्टीपुरते न थांबता कालव्यामुळे उभ्या राहिलेल्या मजुरीचा, व्यापाराचा व उद्योगाचाही विचार होता. दोघांनीही कशाला कशाने भागावयाचे हे प्रथम ठरविले, आणि मग आकडे मांडले.

सार्वजनिक वादात नेमके हेच राहून जाते. २०२१ साली उजनीतून इंदापूर तालुक्यास पाच टीएमसी पाणी देण्याच्या प्रस्तावावरून पुणे व सोलापूर या जिल्ह्यांत मोठा वाद झाला व अखेर तो आदेश रद्द झाला. कोणाची मागणी न्याय्य, हे ठरविण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु पाच टीएमसी म्हणजे किती, हे दोन्हीकडील किती गावांत फळ्यावर मांडले गेले? एकूण साठ्याच्या हिशेबाने ते चार टक्क्यांहून थोडे अधिक; उपयुक्त साठ्याच्या हिशेबाने नऊ टक्क्यांहून अधिक; पाटाने भिजणाऱ्या उसात सुमारे १७,५०० एकर; हरभऱ्यात एक लाख एकरांहून अधिक. चारही आकडे खरे आहेत. ज्याला जो सोयीचा तो तो उचलतो, आणि समोरच्यास खोटे ठरवितो. या वादात एक वाटेकरी सभेस कधीच येत नाही : ऊन. उन्हाळ्यात पाण्याचा पसारा २०० चौरस किलोमीटर व बाष्पीभवन दिवसाला ७ मिलिमीटर धरले, तर वीस दिवसांत एक टीएमसी पाणी कोणाचीही मोटार न चालता उडून जाते. शंभर दिवसांत पाच टीएमसी.

डाळजसारख्या गावी कार्यकर्त्याने काय करावे? टक्केवारीचा फळा पुसून टाकावा असे नव्हे. त्याच फळ्यावर टक्क्यांशेजारी पातळी मीटरमध्ये व शिल्लक साठा टीएमसीमध्ये लिहावा. हे आकडे पाटबंधारे खात्याकडून रोज मिळतात. ग्रामपंचायतीत एक वही ठेवून प्रत्येक मोटारमालकाकडून, कोणत्या पातळीस त्याचा फूटव्हॉल्व्ह उघडा पडतो, ते लिहून घ्यावे. ज्यांना मीटर सांगता येणार नाहीत त्यांना तारीख विचारावी. २०२४ साली मोटार केव्हा हलविली हे पुष्कळांना आठवते, आणि त्या तारखेची पातळी नोंदीत सापडते. असे पन्नास–साठ आकडे जमले की गावाचे स्वतःचे कोष्टक तयार होते. पातळी अमुकवर आली की अमुक शिवारातील इतक्या मोटारी बंद पडणार, हे माघातच सांगता येते. कोणाचे शून्य प्रथम येणार व कोणाचे शेवटी, हेही त्यात दिसते. मग पाईप कोणी कोणाशी जोडावयाचा याचे बोलणे मोटार बंद पडण्यापूर्वी करता येते.

वहीची पहिली नोंद ज्याची मोटार सर्वांत आधी उघडी पडते त्याची असावी. त्याला विचारावयास फार लांब जावे लागत नाही; फाल्गुनात सर्वांत आधी चर खोदावयास तोच निघालेला असतो.